दिवा गाडीला की कामाला?

अलिबाग-मुरूड पट्ट्यातल्या काही तरुण कार्यकर्त्यांनी आम्हाला एक सवाल केला आहे. डोंगराला वणवा लागतो, वाडीत पेंढ्याची उडवी पेटते, हायवेवर टँकर उलटतो, तेव्हा गावातली पोरे पहिली धावतात. बंब मागाहून येतो, कधी येतही नाही. धावणाऱ्यांपैकी एखाद्याकडे स्वतःची गाडी असते. तीत चार जण, दोरखंड, कोयते, पाण्याचे कॅन टाकून निघावे तर पुढे पर्यटकांच्या गाड्यांची रांग. हॉर्न वाजवला तर शिव्या. मग गाडीच्या पुढच्या काचेमागे लाल-निळा लुकलुकणारा दिवा बसवला तर काय बिघडले? बाजारात तो मिळतो, लायटरच्या खाचेत पिन घातली की चालू होतो. आम्ही काही चैनीसाठी लावणार नाही, असे या पोरांचे म्हणणे.

म्हणणे प्रामाणिक आहे. ज्या देशात लोक अपघात झाला की मोबाईलवर फोटो काढत उभे राहतात, त्या देशात आगीकडे धावत जाणारा तरुण हे समाजाचे धन आहे. म्हणूनच त्याला नीट उत्तर मिळाले पाहिजे. कायद्याचे पुस्तक त्याच्या तोंडावर फेकून मोकळे होणे ही सरकारी कारकुनाची रीत झाली. तरी सुरुवात कायद्यापासूनच करावी लागते, कारण या कायद्यात आपल्या कामाची एक गोष्ट दडलेली आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०८ वा नियम हा दिव्यांचा नियम. (१०८ म्हटले की आपल्याला रुग्णवाहिकेचा नंबर आठवतो, तो निव्वळ योगायोग.) या नियमाच्या पोटात पूर्वी एक मोठी सोय होती. कोणत्या बड्या माणसाने गाडीच्या टपावर लाल दिवा मिरवायचा याची यादी केंद्राने आणि राज्यांनी करायची. याद्या फुगत गेल्या. मंत्री झाले, महामंडळांचे अध्यक्ष झाले, मग त्यांच्या खालचे. १० डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभयसिंह विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्यात या याद्यांना कात्री लावली. लाल दिवा फक्त उच्चपदस्थांपुरता ठेवला आणि आगीचे बंब, रुग्णवाहिका, पोलीस यांना निळे, पांढरे, बहुरंगी दिवे वापरायला सांगितले. पुढे १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने उच्चपदस्थांची ती सोयच नियमातून काढून टाकली. राष्ट्रपतींपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांचे दिवे उतरले. कामगार दिनाच्या दिवशी दिवे उतरले, हेही बरेच झाले.

आता नियमात माणूस उरलेला नाही, काम उरले आहे. आग आटोक्यात आणणे, पोलीस आणि लष्करी-निमलष्करी दलांचे कायदा-सुव्यवस्थेचे काम, आणि भूकंप, पूर, दरड, चक्रीवादळ, रासायनिक दुर्घटना यांसारख्या आपत्तींचे निवारण. या कामांसाठी नेमून दिलेल्या गाड्यांना लाल, निळा, पांढरा असा बहुरंगी दिवा लावता येतो, तोही कामावर असतानाच. काम संपले की दिवा बंद. अशी परवानगी कोणाकोणाला दिली ते राज्याच्या परिवहन खात्याने दरवर्षी लोकांना जाहीर सांगायचे. कायद्याचा सगळा भार 'नेमून दिलेल्या' या दोन शब्दांवर आहे. स्वतःच्या मनाने, स्वतःच्या गाडीत बसवलेला दिवा आगीसाठी असला तरी बेकायदाच. तो टपावर नाही, काचेच्या आत आहे, म्हणून सुटका होत नाही.

इथपर्यंत ऐकल्यावर पोरे म्हणतील, झाले, साहेबांनीही नकारच दिला. थांबा.

आंबेडकरी चळवळीला हा दिवा अनोळखी नाही. 'लाल दिव्याच्या गाडीसाठी समाज विकला' हे वाक्य आपल्या सभांमधून, आपल्या वर्तमानपत्रांतून, चौकातल्या कट्ट्यावरून किती वेळा ऐकले त्याची गणती नाही. त्यात सत्य किती आणि राग किती हा हिशेब वेगळा. पण त्या दिव्याची नशा आपल्याही घरात शिरली होती हे नाकारण्यात अर्थ नाही. दिवा गेला म्हणून नशा गेली असेही नाही. २०२४ साली पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याने खासगी ऑडी गाडीवर दिवा लावल्याचे प्रकरण देशभर गाजले. तिथे कुठे आग लागली नव्हती. आजही हायवेवर नजर टाका. कोणाच्या काचेवर 'शासन' लिहिलेले, कोणाच्या डॅशबोर्डवर पोलिसाची टोपी ठेवलेली, कोणाच्या बंपरमागे निळे-लाल लुकलुकते. उद्या आमचा कार्यकर्ता खरोखर आगीकडे निघालेला असेल, पण त्याच्या पुढचा ड्रायव्हर मनात म्हणेल, आला आणखी एक भाऊसाहेब. खोट्या दिव्यांनी खऱ्या दिव्याची पत घालवली आहे, आणि त्यात आणखी एका बिनपरवाना दिव्याची भर पडली तर ती पत आणखी खाली जाईल.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. या देशात जातिव्यवस्थेने रस्त्याचीसुद्धा उतरंड लावली होती. कोण समोरून आला की कोणी बाजूला व्हायचे, कोणाची सावली कोणावर पडू द्यायची नाही, कोणत्या आळीतून कोणी जायचे नाही, हे सगळे ठरलेले. आपल्या आज्या-पणज्यांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून आयुष्ये काढली. रस्त्यावर 'बाजूला व्हा' म्हणण्याचा अधिकार हा म्हणूनच आपल्यासाठी किरकोळ अधिकार नाही. तो जन्मावरून मिळत होता, मग खुर्चीवरून मिळू लागला, आणि २०१७ नंतर निदान कागदावर तरी तो गरजेवरून मिळतो. झोपडीतल्या बाळंतिणीला घेऊन जाणाऱ्या रुग्णवाहिकेसाठी मंत्र्याच्या गाडीने बाजूला व्हायचे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४-ई आले. बंबाला, रुग्णवाहिकेला किंवा राज्य सरकारने ठरवून दिलेल्या इतर आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. समतेचा असा सरळ कायदा रस्त्यावर क्वचितच दिसतो. तो आपणच आपल्या हौसेने पातळ करायचा का?

आता रायगडच्या किनाऱ्याकडे वळू, कारण दिव्याचा प्रश्न इथे हवेत सुटलेला नाही. ५ नोव्हेंबर १९९० रोजी नागोठण्याच्या गॅस क्रॅकर प्रकल्पात स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली. त्यात चौघांचा बळी गेला, आणि आग विझवायला पुढे झालेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान त्यांच्यात होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीत स्फोट होऊन कामगार जळून मेले. थळला खताचा कारखाना, उरणला बंदर आणि गॅस, रोहा-धाटावला रसायने, आणि या सगळ्यांच्या कुंपणाला लागून कोळीवाडे, आगरी गावे, बौद्धवाड्या, कातकऱ्यांच्या वाड्या. ७ मे २०२५ रोजी देशभर होणाऱ्या नागरी संरक्षणाच्या सरावाची घोषणा झाली तेव्हा केंद्राच्या यादीत उरण पहिल्या श्रेणीत होते. रोहा-धाटाव-नागोठणे आणि थळ-वायशेत दुसऱ्या श्रेणीत. धोका किती आहे हे सरकारला माहीत आहे. श्रेणी देऊन झाली. पण कुंपणाबाहेरच्या वाडीत पाण्याचा एक पंप तरी आहे का, याची श्रेणी कोणी लावली?

आणि इथल्या आपत्तीत गाडी किती पळते तेही पाहा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, रस्त्यांवर झाडे आणि विजेचे खांब आडवे पडले. तिथे सायरनचे काम नव्हते, करवतीचे आणि कोयत्याचे होते. ते गावकऱ्यांनी केले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाड पुरात, रस्ते पाण्याखाली, मदतीची पथके अडकलेली. पहिल्या रात्री चिखल उपसला तो वाचलेल्यांनी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या डोंगरात इर्शाळवाडी गाडली गेली. तिथे तर गाडीरस्ताच नव्हता. आदिवासींची वाडी, वर जायला पायवाट. खोपोली-पनवेलकडचे गिर्यारोहक आणि स्वयंसेवक अंधारात, पावसात चढून गेले. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी तो डोंगर चढताना हृदयविकाराने गेले. त्या पायवाटेवर कोणत्या गाडीचा कोणता दिवा चालला असता? खाडीपट्ट्यात तर वेगळीच गंमत. आगरदांड्याहून दिघीला जायचे तर फेरीबोट. बोट पलीकडच्या धक्क्यावर असेल तर तुम्ही कितीही लुकलुकत राहा.

एक रात्र मात्र अशी होती की तिथे दिवा हवा होता. २ ऑगस्ट २०१६. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि दोन एसटी बसगाड्या व एक मोटार नदीत पडली. काहीतरी भयंकर घडले आहे हे पहिल्यांदा कळले ते पुलाजवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका कामगाराला. त्याने रस्त्यावर येऊन मागून येणाऱ्यांना सावध केले. त्याच्याकडे ना वर्दी ना पद. मुसळधार पाऊस, काळोख, आणि समोरून भरधाव येणारे हेडलाईट. आमच्या पोरांनी या रात्रीचा विचार करावा. त्या कामगाराला धावत्या गाडीतला दिवा लागणार नव्हता. उभ्या जागी ठेवण्याचा दिवा हवा होता, लांबून दिसणारा, 'पुढे येऊ नका' सांगणारा. आपत्तीच्या जागी स्वयंसेवकाचे सगळ्यात मोलाचे काम बहुतेक वेळा हेच असते: वाहतूक थांबवणे, वाट मोकळी ठेवणे, बंबाला पाणवठा दाखवणे. त्यासाठी लागणारी साधने आजही कायद्यात बसतात. गाडीचे चारही इंडिकेटर एकदम चालू करणे, परावर्तक त्रिकोण रस्त्यावर मांडणे, चमकणारे जाकीट, जोरदार बॅटरी. हे गाडीत नाही आणि काचेमागे लाल-निळा दिवा आहे, असे असेल तर तो आगीसाठी नाही, गावात मिरवण्यासाठी आहे.

काचेमागच्या दिव्याचे धोके वेगळेच. पावसाळी रात्री तो आतल्या काचेवरूनच परततो आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. बाजूच्या रस्त्याने येणाऱ्याला तो दिसत नाही, म्हणजे चौकात तुम्हाला वाटते सगळ्यांनी पाहिले, आणि कोणीच पाहिलेले नसते. डॅशबोर्डवर नुसता चिकटवलेला असेल तर करकचून ब्रेक मारल्यावर तो तोंडावर येतो. किनाऱ्याचे आमचे रस्ते म्हणजे दोन्ही अंगांना वाड्यांचे गडगे, मध्ये एक एसटी जेमतेम जाईल एवढी वाट, आणि वळणावर शाळेची पोरे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ खाली संरक्षण दिले आहे, ही चांगली गोष्ट. पण ते संरक्षण जखमीला उचलणाऱ्या हाताला आहे. मदतीला जाताना वाटेत दुसऱ्याला उडवले तर ते कामी येईल या भ्रमात कोणी राहू नये.

परदेशाचा दाखला पोरे देतात. अमेरिकेत म्हणे स्वयंसेवक अग्निशामक स्वतःच्या गाडीत दिवा लावतात. खरे आहे. न्यूयॉर्क राज्यात असा निळा दिवा चालतो. पण त्याला अग्निशमन प्रमुखाची लेखी परवानगी लागते, ती काढूनही घेता येते, आणि दिवा लावला म्हणून सिग्नल तोडण्याचा किंवा वेग वाढवण्याचा हक्क मिळत नाही. लोकांनी सौजन्याने वाट द्यावी एवढीच ती विनंती. तिथे खेड्यापाड्यांतली अग्निशमन दले मुळात स्वयंसेवकांचीच, म्हणून हा प्रश्न उद्भवला. जर्मनीतही गावोगाव स्वयंसेवकांची दले आहेत, पण निळा दिवा बंबावर असतो. स्वयंसेवक आपल्या गाडीने ठाण्यावर येतो आणि तिथून बंबात बसतो. जपानमध्ये वस्तीवस्तीत नागरिकांचे अग्निपथक, त्याचे छोटे पंपवाहन आणि ते ठेवायची शेड. स्वयंसेवकाला थोडे मानधन, आणि कामात जखमी झाला तर भरपाई. या सगळ्यांत समान एकच: माणूस एकटा नाही, त्याच्या मागे एक ठाणे आहे. आमच्या पोरांच्या मागे काय आहे? एक व्हॉट्सॲप ग्रुप!

आणि इथेच खरे दुखणे आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली, तीत नगरपालिकांच्या कामांत अग्निशमन सेवा स्पष्ट लिहिलेली आहे. त्याच वर्षीच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली, २९ विषयांची. तीत अग्निशमन नाही. बाबासाहेबांनी लिहिलेल्या मूळ संविधानात या अनुसूच्या नव्हत्या. त्या नंतरच्या संसदेने जोडल्या, आणि जोडताना जणू आग फक्त शहराला लागते असे गृहीत धरले. नगरपालिकेची हद्द संपली की जळणारा माणूस कोणाच्या हद्दीत येतो? शेजारच्या नगरपालिकेच्या दयेच्या, औद्योगिक वसाहतीच्या दयेच्या, कंपनीच्या बंबाच्या दयेच्या. गावातही आग भेदभाव करत नाही, पण रस्ता करतो. बौद्धवाडी गावाच्या टोकाला, तिकडची वाट अरुंद. २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नावे बदलू लागली, वाटेची रुंदी कोण मोजतो? महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली पाण्याच्या हक्काचा लढा उभा राहिला. त्याच जिल्ह्यात आज वाडीला आग लागली तर ते पाणी घेऊन येणाऱ्या बंबाला आत वळायला जागा नाही. आमच्या मते दिव्याच्या आधीचा प्रश्न हा आहे.

तरीही आम्ही पोरांना 'नाही' म्हणत नाही. दिवा मागा. मात्र तो खिशातून पैसे काढून बाजारातून घेऊ नका, हक्क म्हणून सरकारकडून घ्या. नियम १०८ मध्ये आगीसाठी आणि आपत्तीसाठी नेमलेल्या गाडीला जागा आहे. कलम १९४-ई मध्ये 'राज्य सरकारने ठरवून दिलेले इतर आपत्कालीन वाहन' हे शब्द आहेत. दार बंद नाही, ते ठोठावलेले नाही. दर दहा-बारा गावांमागे एक वाहन जिल्हा प्रशासनाने नेमावे, त्यात पंप, पाइप आणि दोर असावेत, त्याची नोंद परिवहन खात्याच्या यादीत व्हावी. वाहन सरकारला देता येत नसेल तर गावातल्या एखाद्याची गाडी रीतसर नेमून घ्यावी आणि दिवा कामापुरता बसवण्याचा, काम संपल्यावर उतरवून जमा करण्याचा असावा. केव्हा लावला, कुठे गेला, कोण चालवत होते, याची वही ठेवावी.

आणि विम्याशिवाय एकाही पोराने आगीत उतरू नये. केंद्राच्या आपदा मित्र योजनेत देशातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा देण्याचे ठरले होते. आपल्या वाडीतल्या किती जणांची नावे त्यात गेली, याची चौकशी तहसील कार्यालयात करायला कोणी अडवलेले नाही. आपत्तीत प्रेते उचलायची वेळ आली की आपली माणसे आठवतात. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमला प्रेते उचलायला आणले ते दलित सफाई कामगार, आणि मदतीच्या छावण्यांत मात्र दलितांना वेगळे बसवल्याच्या तक्रारी झाल्या. म्हणून प्रशिक्षणाच्या यादीत, विम्याच्या यादीत, गाडीच्या स्टिअरिंगवर आपली माणसे हवीत. घमेली आणि फावडी उचलायला ती नेहमीच असतात.

एक गोष्ट आपल्या आपल्यात. १४ एप्रिल हा बाबासाहेबांचा जयंतीदिन, तसाच तो देशाचा अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. आपण दरवर्षी त्या दिवशी रस्ते भरून टाकतो, भरलेच पाहिजेत. पण मिरवणुकीत डीजेच्या गाडीने अख्खा रस्ता अडवला आणि मागे बंब अडकला, तर दुसऱ्याने वाट द्यावी हे कोणत्या तोंडाने सांगणार? या जयंतीपासून प्रत्येक मंडळाने मिरवणुकीच्या एका अंगाला बंब जाईल एवढी वाट मोकळी ठेवण्यासाठी दहा पोरे नेमावीत. चमकणारी जाकिटे तेव्हाच घ्या, पुढे वणव्याला उपयोगी पडतील.

त्यानंतर सतरा दिवसांनी १ मे येतो. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत ठराव मांडा. ठरावात गाडीचा नंबर लिहा, चालवणाऱ्या तिघांची नावे लिहा, वाडीची वाट किती फूट रुंद आहे ते मोजून लिहा, आणि दिवा कोणाच्या ताब्यात राहील तेही लिहा. तो सरपंचाच्या घरात नको, अध्यक्षाच्या घरातही नको. ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा आणि कपाटाची एक किल्ली बौद्धवाडीत राहू द्या.